अंकगणिती श्रेढीचे न-वे पद कसे काढतात? उसाच्या सरीपासून ऊसबिलापर्यंत

एकामागून एक येणाऱ्या संख्यांमध्ये प्रत्येक वेळी सारखाच फरक असेल, तर त्या संख्यांच्या यादीला अंकगणिती श्रेढी म्हणतात. ५, ८, ११, १४ ही अशी श्रेढी आहे, कारण प्रत्येक संख्या आधीच्या संख्येपेक्षा ३ ने मोठी आहे. १००, ९३, ८६, ७९ हीसुद्धा श्रेढीच आहे, फक्त इथे फरक उणे ७ आहे. यादीतल्या प्रत्येक संख्येला 'पद' म्हणतात आणि लागोपाठच्या दोन पदांमधल्या ठरलेल्या अंतराला 'सामान्य फरक' किंवा 'साधारण फरक'.

महाराष्ट्रात दहावीच्या गणित भाग १ मधले तिसरे प्रकरण याच विषयाचे आहे. त्यातले मुख्य काम एकच असते: यादी पूर्ण न लिहिता तिच्यातले कितवेही पद सांगता येईल असे सूत्र मिळवणे. शंभरावे पद हवे म्हणून नव्याण्णव वेळा बेरीज करत बसायची नाही. या सूत्राला 'सामान्य पद' किंवा 'न-वे पद' म्हणतात. सूत्र लहान आहे, पाठही पटकन होते. तरी त्यातला 'वजा एक' कुठून आला हे न कळल्यामुळे परीक्षेत गुण जातात, आणि परीक्षेबाहेर पैसेही जाऊ शकतात. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात तर हा हिशेब उसाच्या शेतातच भेटतो आणि पुढे कारखान्याच्या बिलातही.

बांधापासून एकविसावी सरी

समजा, एका रानात बांधापासून ३ फुटांवर पहिली सरी पाडली आणि पुढच्या सऱ्या साडेचार-साडेचार फुटांवर पाडत नेल्या. बांधापासूनची अंतरे फुटांत अशी येतील: ३, ७.५, १२, १६.५, २१… पहिले पद ३, फरक ४.५. मग एकविसावी सरी बांधापासून किती फुटांवर?

घाईत सुचणारे उत्तर असे: एकवीस सऱ्या आहेत, म्हणून २१ गुणिले ४.५ म्हणजे ९४.५ फूट, त्यात सुरुवातीचे ३ मिळवले की ९७.५. हे उत्तर चुकीचे आहे. पहिल्या सरीवर उभे असताना साडेचार फुटांचे एकही पाऊल टाकलेले नसते. दुसऱ्या सरीपर्यंत एक पाऊल, तिसरीपर्यंत दोन, आणि एकविसावीपर्यंत वीस पावले. म्हणून अंतर ३ + २० × ४.५, म्हणजे ९३ फूट.

तारेच्या कुंपणाचा अंदाज काढणाऱ्याला हे न शिकवता माहीत असते. दहा-दहा फुटांवर खांब रोवत शंभर फूट जायचे तर खांब अकरा लागतात आणि मधले गाळे दहा. पदे म्हणजे खांब, फरक म्हणजे गाळा. गुणाकार गाळ्यांचा करायचा असतो, खांबांचा नाही. सूत्रातला 'वजा एक' तो हाच.

आता सूत्र मांडू. पहिले पद 'प', फरक 'फ' आणि पदाचा क्रमांक 'न' मानला, तर

न-वे पद = प + (न − १) × फ

पाठ्यपुस्तकात पहिल्या पदासाठी 'ए', फरकासाठी 'डी', क्रमांकासाठी 'एन' आणि न-व्या पदासाठी 'टी-एन' ही अक्षरे असतात. अक्षरे बदलली तरी अर्थ तोच राहतो: जिथून निघालो ती जागा, अधिक टाकलेली पावले गुणिले पावलाची लांबी.

सरीच्या उदाहरणात ३ + (न − १) × ४.५ सोडवले की ४.५न − १.५ मिळते. सामान्य पद असे मोकळे करून लिहिले की 'न'च्या शेजारी नेहमी फरकच दिसतो. उत्तर तपासायला ही सोपी खूण आहे. दुसरी खूण म्हणजे 'न'च्या जागी १ ठेवून पाहणे. ४.५ − १.५ = ३, म्हणजे पहिले पद परत मिळाले. ते परत मिळत नसेल, तर सूत्र मांडताना कुठेतरी पाय घसरला आहे.

याच सूत्रावरून रानात किती सऱ्या बसतील तेही सांगता येते. एका गुंठ्याची बाजू ३३ फूट धरतात. चार गुंठ्यांच्या बाजूइतके रुंद, म्हणजे १३२ फुटांचे रान असेल, तर ४.५न − १.५ ही संख्या १३२ च्या आत राहायला हवी. त्यावरून 'न' २९.६६ च्या आत येतो. सरी अर्धवट पडत नाही, म्हणून सऱ्या २९. शेवटची सरी १२९ फुटांवर येते आणि पलीकडच्या बांधाला तीन फूट उरतात. अलीकडे सोडले होते तेवढेच.

एफआरपीचा जिना

अहिल्यानगर जिल्ह्याचे नाव साखरेच्या इतिहासात पहिल्या पानावर आहे. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साथीने उभारलेला प्रवरा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला, आणि पुढच्या काळात प्रवरा, मुळा आणि गोदावरीच्या पाण्यावर कोपरगाव, संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे असा कारखान्यांचा पट्टा तयार झाला. या पट्ट्यात दर हंगामाला एक प्रश्न घरोघरी विचारला जातो: यंदा टनाला किती?

त्या प्रश्नाचे कायद्यातले उत्तर अंकगणिती श्रेढीच्या रूपात येते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात २००९ मध्ये बदल झाल्यापासून केंद्र सरकार दर हंगामासाठी उसाचा 'रास्त व किफायतशीर दर', म्हणजे एफआरपी, जाहीर करते. कारखान्याला त्याहून कमी देता येत नाही आणि ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. हा दर एका आकड्यावर संपत नाही. तो साखर उताऱ्याला, म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली याला, बांधलेला असतो.

२०२५-२६ च्या हंगामाचा नियम असा आहे. १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये. उतारा त्याच्या वर गेला, तर दर ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जास्त. खाली आला, तर दर ०.१ टक्क्याला तेवढेच कमी. मात्र उतारा ९.५ टक्क्यांहून खाली गेला तरी शेतकऱ्याचा दर ३२९.०५ रुपयांच्या खाली जात नाही.

गावात बोलणे टनाचे असते, म्हणून सगळे दहाने गुणले तर १०.२५ उताऱ्याला ३,५५० रुपये आणि एका पायरीला ३४.६० रुपये होतात. १०.२५, १०.३५, १०.४५ असे चढत गेले की दर होतात ३,५५०, ३,५८४.६०, ३,६१९.२०, ३,६५३.८०… ही सरळ अंकगणिती श्रेढी आहे. पहिले पद ३,५५०, फरक ३४.६०, सामान्य पद ३४.६०न + ३,५१५.४०.

समजा, एखाद्या कारखान्याचा उतारा ११.२५ टक्के निघाला. या यादीत ते अकरावे पद आहे, पण पायऱ्या दहाच चढल्या आहेत. दर झाला ३,५५० + ३४६ = ३,८९६ रुपये. पदांचा आणि पावलांचा गोंधळ करून अकराने गुणले, तर ३,९३०.६० येतात. एका पायरीची ही चूक टनामागे ३४.६० रुपयांची आहे, आणि ऐंशी टन ऊस घालणाऱ्या माणसाला ती २,७६८ रुपयांची पडते. चूक दुसऱ्या बाजूनेही होऊ शकते. नवव्या पायरीवरच थांबलेल्या हिशेबात तेवढेच पैसे शेतकऱ्याच्या पदरातून जातील. बिल हातात आल्यावर हा हिशेब पाठकोऱ्या कागदावर दोन मिनिटांत करता येतो.

त्यासाठी एक सुटसुटीत वाटही आहे. ०.१ टक्क्याला ३४.६० म्हणजे पूर्ण एका टक्क्याला ३४६ रुपये. त्यावरून टनाचा दर = ३४६ × उतारा + ३.५० असे सूत्र निघते. ११.२५ ला ३४६ ने गुणले की ३,८९२.५० येतात, त्यात साडेतीन मिळवले की ३,८९६. साडेतीन रुपये इतके थोडे आहेत की तोंडी अंदाज करताना ते सोडून दिले तरी चालते. एफआरपी म्हणजे जवळजवळ 'उताऱ्याच्या एका टक्क्याला ३४६ रुपये' हाच नियम आहे, हे मूळ शब्दरचनेत चटकन दिसत नाही. सूत्र मोकळे करून लिहिल्यावर दिसते. आधीच्या २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये आणि पायरीला ३.३२ रुपये होते. तेव्हाचे सूत्र ३३२ × उतारा − ३ असे बनते. तिथेही शेवटचा आकडा किरकोळच आहे.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. हा उतारा संपूर्ण कारखान्याचा सरासरी असतो, एकट्या शेतकऱ्याच्या उसाचा नाही. आणि सूत्राने आलेल्या रकमेतून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो. तो कारखान्यागणिक वेगळा असतो, म्हणून सारख्या उताऱ्याच्या दोन कारखान्यांची हातात पडणारी रक्कम सारखी नसते. श्रेढी फक्त वरच्या ओळीपुरती.

खाली उतरताना

उतारा १०.२५ च्या खाली गेला की तीच यादी उलटी चालते: ३,५५०, ३,५१५.४०, ३,४८०.८०… आता फरक उणे ३४.६० आहे. सूत्र बदलावे लागत नाही, फक्त 'फ'ची खूण उणे होते. ९.७५ टक्क्यांवर पाच पायऱ्या उतरतात, म्हणून ३,५५० − १७३ = ३,३७७ रुपये. उतरत्या श्रेढीत विद्यार्थी उणे खूण विसरतात आणि मग उतारा कमी होऊनही दर वाढलेला दिसतो. उत्तर आल्यावर ते वाढायला हवे होते की घटायला, एवढे पाहिले तरी ही चूक पकडली जाते.

९.५ टक्क्यांपाशी मात्र एक गंमत आहे. १०.२५ पासून ०.१ च्या पायऱ्यांनी उतरत गेले तर १०.१५, १०.०५, ९.९५… ९.६५, ९.५५, ९.४५ असे आकडे येतात. ९.५ या यादीत येतच नाही. १०.२५ आणि ९.५ मधले अंतर ०.७५ आहे, म्हणजे साडेसात पायऱ्या. आणि सरकारने ठरवलेला ३२९.०५ हा आकडा नेमका साडेसात पायऱ्यांचाच आहे: ७.५ × ३.४६ = २५.९५, आणि ३५५ − २५.९५ = ३२९.०५. श्रेढीत साडेसातावे पाऊल नसते, तिथे 'न' ही नेहमी पूर्ण संख्या असते. म्हणजे काटेकोरपणे पाहिले तर एफआरपीचा नियम जिना नसून उतरण आहे, आणि श्रेढी म्हणजे त्या उतरणीवर ठरावीक अंतराने मारलेल्या खुणा. दहावीत श्रेढी आणि रेषीय समीकरणे वेगवेगळ्या प्रकरणांत येतात, म्हणून ही नातीगोती सहसा लक्षात येत नाहीत.

९.५ च्या खाली दर ३,२९०.५० वर स्थिर राहतो. ३,२९०.५०, ३,२९०.५०, ३,२९०.५०… हीसुद्धा अंकगणिती श्रेढीच आहे, फरक शून्य असलेली.

उलटा हिशेब

सूत्रात चार गोष्टी आहेत: पहिले पद, फरक, क्रमांक आणि ते पद. कोणत्याही तीन माहीत असल्या की चौथी निघते. टनाला ३,८०० रुपये मिळायला उतारा किती हवा, हा प्रश्न क्रमांक शोधण्याचा आहे. ३,८०० मधून ३,५५० वजा केले की २५० उरतात, आणि २५० ला ३४.६० ने भागले की सुमारे ७.२३ येतात. भागाकार पूर्ण आला नाही, म्हणजे ३,८०० ही संख्या या श्रेढीत नाही. एखादी संख्या श्रेढीचे पद आहे की नाही, याची हीच कसोटी. सात पायऱ्यांवर ३,७९२.२० मिळतात आणि आठ पायऱ्यांवर ३,८२६.८०, म्हणून ३,८०० ओलांडायला आठवी पायरी, म्हणजे ११.०५ टक्के उतारा लागेल.

परीक्षेत हमखास येणारा आणखी एक प्रकार म्हणजे दोन पदांवरून श्रेढी शोधणे. समजा, सरकारी नियम हाताशी नाही, पण १०.५५ उताऱ्याला ३,६५३.८० आणि ११.१५ उताऱ्याला ३,८६१.४० दर निघाल्याचे कळले. पहिले आकडे चौथ्या पदाचे, दुसरे दहाव्या पदाचे. मधल्या पायऱ्या सहा, दरातला फरक २०७.६०, म्हणून एका पायरीला ३४.६०. चौथ्या पदापासून तीन पायऱ्या मागे गेले की ३,६५३.८० − १०३.८० = ३,५५०. नियम पुन्हा हातात आला. पुस्तकात यासाठी दोन समीकरणे मांडून वजाबाकी करतात. काम तेच आहे, पण पायऱ्या मोजण्याची रीत डोळ्यांपुढे राहते आणि कमी चुकते.

सूत्र कुठे लावू नये

२०२१-२२ पासून पाच हंगामांची मूळ एफआरपी टनाला अशी होती: २,९००, ३,०५०, ३,१५०, ३,४००, ३,५५०. फरक १५०, १००, २५०, १५०. फरक सारखा नाही, म्हणून ही श्रेढी नाही आणि पुढच्या हंगामाचा आकडा कोणत्याही सूत्राने सांगता येत नाही. शिवाय २०२२-२३ मध्ये मूळ उतारा १० वरून १०.२५ टक्के करण्यात आला, त्यामुळे २,९०० आणि ३,०५० हे एकाच मापाचे आकडेही नाहीत. १० टक्क्यांचा मूळ उतारा २०१८-१९ पासून होता, त्याआधी तो ९.५ होता. एका हंगामाच्या आत श्रेढी, पण हंगामाहंगामांत नाही. पहिली दोनच पदे पाहून 'दरवर्षी दीडशे वाढतात' असे म्हणणारा तिसऱ्याच वर्षी फसला असता. यादी श्रेढी आहे की नाही हे ठरवायला सगळे फरक तपासावे लागतात.

जनगणनेचे उदाहरणही असेच सावध करणारे आहे. १८८१, १८९१, १९०१ अशी २०११ पर्यंतची वर्षे चोख श्रेढीत आहेत: १,८८१ + (न − १) × १०, त्यात २०११ हे चौदावे पद. पण त्याआधीची १८७२ ची गणना या यादीत बसत नाही, कारण तिथला फरक नऊ वर्षांचा आहे. आणि सूत्राने पंधरावे पद २०२१ सांगितले, तरी त्या वर्षी जनगणना झाली नाही.

चय, मुख आणि गच्छ

'श्रेढी' हा शब्द पाठ्यपुस्तकवाल्यांनी नव्याने घडवलेला नाही. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे ११५० साली लिहिलेल्या ग्रंथातल्या 'लीलावती' या भागात 'श्रेढीव्यवहार' नावाचे प्रकरणच आहे. तिथे पहिल्या पदाला 'मुख' किंवा 'आदी', फरकाला 'चय', पदांच्या संख्येला 'गच्छ' आणि शेवटच्या पदाला 'अंत्यधन' म्हटले आहे. 'चय' म्हणजे साठत जाणारी भर. 'संचय' या शब्दात तोच आहे. 'सामान्य फरक' या शब्दापेक्षा तो अर्थाला जास्त जवळचा वाटतो. आर्यभटाच्या ग्रंथात, म्हणजे आणखी साडेसहाशे वर्षे आधी, श्रेढीच्या बेरजेची रीत आलेली आहे. भास्कराचार्यांनी ती शिकवण्याजोगी केली.

अंत्यधनाचा त्यांचा नियम मराठीत सांगायचा तर असा: गच्छातून एक वजा करा, चयाने गुणा, मुख मिळवा. हे आजचेच सूत्र आहे, 'वजा एक'सकट. उदाहरणात एक दाता पहिल्या दिवशी ४ द्रम्म दान देतो आणि रोज ५ द्रम्म वाढवत जातो, तर एका पंधरवड्यात किती दिले असे विचारले आहे. पंधराव्या दिवशीचे दान ४ + १४ × ५ = ७४ द्रम्म. पहिल्या आणि शेवटच्या दिवसाची सरासरी ३९, आणि तिला १५ ने गुणले की एकूण दान ५८५ द्रम्म. अंत्यधन चुकले की बेरीजही चुकते, म्हणून ते आधी काढायचे. दुसऱ्या एका गणितात राजा पहिल्या दिवशी २ योजने चालतो आणि सात दिवसांत ८० योजने गाठतो, तर रोजची वाढ किती असे विचारले आहे. तिथे चय २२/७ निघतो. म्हणजे फरक पूर्ण संख्याच असला पाहिजे असे बंधन तेव्हाही नव्हते. ३४.६० रुपयांच्या पायरीचे त्यांना काही वाटले नसते.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास चालू राहावा म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केल्याचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे. तो १२०७ सालचा, यादवांच्या काळातला आहे.